फुली दाबली तरी बंद होऊ नये

नाही हो, फुली काढून नका टाकू — फुली राहू दे तिथंच, फक्त ती दाबली की प्रोग्राम बंद होता कामा नये, कॉम्प्युटरच्या पडद्यावर खाली घड्याळाशेजारी जाऊन गुपचूप बसला पाहिजे, म्हणजे लेकाचा फोन आला की वाजेल. जमतं ना? सेटिंगमध्येच आहे? — मग आधीच तसं करून द्यायला काय धाड भरली होती बनवणाऱ्यांना? आणि आमच्या ह्यांना तरी काय म्हणू, आयुष्यभर पूल बांधले, हाताखाली शंभर माणसं, आणि तीन बटणांतलं कुठलं दाबायचं ते कळत नाही — आडवी रेघ, चौकोन, फुली, बालवाडीतलं पोरही सांगेल. चष्मा लावा म्हटलं तर तोही लावायचा नाही. मुलगा तिकडे परदेशात सुट्टीच्या दिवशी फोन लावून लावून थकतो, इथं प्रोग्राम बंद. त्याला वाटतं, बाबा गाडीवरून रुसलेत. रुसायचं काय त्यात? ह्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही म्हणून गेल्या खेपेला आला तेव्हा विकली त्यानं ह्यांची गाडी — आता हे दुपारी झोपलेले असताना विकली, ते सोडा, जागेपणी विकू दिली असती का ह्यांनी? मी? मी नाही बोलत त्याच्याशी. मागे उभी राहते, नात दिसते तेवढी बघते. माझ्या फोनवर कशाला करेल तो, त्याच्या बायकोबद्दल मी एकदा बोलले ते धरून बसलाय, बापाचाच मुलगा.

झालं? एवढंच? एका टिचकीचं काम आणि मी महिनाभर ह्यांच्या नावानं खडे फोडतेय. थांबा, ह्यांनाच बोलावते, तुमच्यासमोर दाबू देत — अहो, या जरा. दाबा ती फुली. दाबा हो, नेहमी दाबता तशीच. हां, बघा, गेली खिडकी, पण बंद नाही झाली, ते बघा खाली एवढंसं चित्र — आता काय करताय? माउसचं उजवीकडचं बटण कशाला — अहो, ते ‘बाहेर पडा’ आहे, ते नाही —

गेलं.

ऐकलंत ना काय म्हणाले? “माझ्याकडून चुकून काही होत नव्हतं.” आणि गेले आत. मुगाएवढं चित्र, चष्म्याशिवाय सापडलं ह्यांना. म्हणजे इतके दिवस मी शेजारणीला, बहिणीला, सगळ्यांना सांगत होते की ह्यांना कळत नाही — आणि हे सगळं ऐकत होते. असा माणूस. नातीचा तरी विचार करायचा. निदान माझा —

नको, परत चालू करू नका. हे पुन्हा बंद करतील. हा प्रोग्राम माझ्या फोनवर बसतो का हो? बसतो? पण फोन त्यानंच करायला हवा, की मीही — नाही, राहू दे. मी कशाला करू. तुम्ही निघा आता, दार नुसतं ओढून घ्या.