मोटारसायकलीची घुंगरमाळ

हसू नका, मी हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवले आहे. आमच्या अकोल्याच्या वामनराव वकिलांनी नवी मोटारसायकल घेतली, पण तिच्या भोंग्याने रस्त्यावरचे बैल उधळत. म्हणून त्यांनी भोंगा काढला आणि बाजारातून बैलाची जुनी घुंगरमाळ आणून हँडलला बांधली.

एके दिवशी अकरा वाजता अकोटला त्यांची तारीख होती. मी मागे कॅरिअरवर बसलो होतो. अकोट कोसभर राहिले असताना मागचे चाक फिरवणारा पट्टा निसटू लागला. या गाडीची ती खोडच होती. आम्ही ती ढकलू लागलो. समोरून कापसाची एक बैलगाडी आली आणि पुढे गेली. थोड्या वेळाने पाहतो तर ती वळून आमच्या मागे येत होती. आम्ही थांबलो की तीही थांबे.

"विरुद्ध पक्षाचा माणूस असन," वकील म्हणाले. "मागं पाहू नका."

"पण तो तर कापसावर झोपला आहे."

"तसं दाखवून राहिला तो."

अकराला पाच मिनिटे असताना आम्ही कचेरीच्या आवारात शिरलो. मागोमाग बैलगाडीही आली. गाडीवान डोळे चोळत उठला.

"कोणतं गाव हाय भाऊ हे?"

"अकोट."

"असं कसं? मी तं अकोटातूनच निघालो अकोल्याले." मग त्याला माळ दिसली. "हे तं आमच्या ढवळ्याची. त्याच्यासंगं मागच्या बाजारी इकली. पुढच्या गाडीले तोच राहे, हे दोघं आवाजावर मागं चालत."

वकिलांनी हात जोडले.

"ते राहू द्या साहेब. तारीख आटपा अन् अकोल्यापावतर पुढं चाला. बैल आता माह्यं ऐकून नाही राहिले."