डॉक्टरांनी तपासलेली मोटार

आमच्या महाडच्या डॉक्टरांनी मुंबईहून जुनी छोटी मोटार आणली, तेव्हाची गोष्ट सांगतो. सकाळीच कापडे गावचा धोंडू धापा टाकत आला. त्याची बायको कालपासून बाळंतपणात अडली होती. डॉक्टरांनी त्याला गाडीत बसवलं, सोबतीला मीही चढलो.

पोलादपूरच्या अलीकडे गुरं आडवी आली म्हणून थांबलो, आणि मग गियर पडेचना. दांडा सरकवला की नुसता खर्रर्र आवाज! डॉक्टरांनी उतरून छातीला लावायची नळी चक्क गाडीच्या पोटाला लावली. म्हणाले, "दाते झिजलेत. क्लचही गेलाय. आता मुंबईलाच न्यायला हवी."

धोंडूचा चेहरा पांढराफटक पडला. पूर्वी तो मुंबईत एका शेठच्या गाड्या धुवायचा. चाचरत म्हणाला, "डॉक्टर, रागावू नका, पण तो किलच पुरता खाली जात नाय."

"का नाही जात?"

"खाली घोंगडी हाय."

पाय गारठू नयेत म्हणून डॉक्टरांनीच अंथरलेली घोंगडी सरकून क्लचखाली गोळा झाली होती. ती ओढून काढली आणि गियर अलगद पडला. डॉक्टरांनी घोंगडी माझ्या मांडीवर टाकली आणि गाडी थेट कापड्याला नेली.

तिथे मात्र तासाभरात घामाघूम होऊन बाहेर आले. "मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत."

धोंडू रडतच त्यांच्या पाया पडला. मग डोळे पुसत म्हणाला, "माणसाचं दुखणं तुम्हालाच कळतं, डॉक्टर. गाडी आजारी पडली, तर मात्र माझ्याकडं आणा!"