अध्यक्षाचा गोल

…आन इचारलं कुनाला? रहिमतबीला! आवं, बांगड्या भरती ती! आन मी? हवालदार नाथाजी, फौजेतनं आल्यापास्नं सात वर्सं गावच्या आरोग्य समितीचा अध्यक्ष… आता बैठक एकबी झाली न्हाई ही गोष्ट येगळी, पर अध्यक्ष त्यो अध्यक्षच की.

तुमास्नी सांगतो, कोरेगावास्नं संस्थेच्या साक्षी मॅडम आल्या. सरकारी दवाखाना, त्येंची संस्था आन आमची समिती, तिघांनी मिळून गावाचं आरोग्य बघायचं ठरल्यालं, तर कुनी काय काम केलं त्ये म्हनं आता गावच ठरिवणार. "लोकांनीच मूल्यमापन करायचं, काका." म्हनलं करा, मी हाय की! इस्त्रीची कापडं घालून बसलो, आन मॅडमनी जोडीला घेतलं कुनाला? रहिमतबीला! का, तर ती घरोघर जाती, बायका तिच्याजवळ मोकळं बोलत्यात. बोलतीलच, मनगाट धरल्यावर जात्यात कुटं?

जळलो की वो मी, खोटं कशाला बोलू! चा ग्वाड लागंना. आमची बायकू मंगल तर तिच्या म्होरं बसून तासभर सांगत हुती… चाळीस वर्सांत मला म्हनून काय सांगितलं न्हाई तिनं.

मग चावडीम्होरं रांगोळीनं तीन गोल काढलं. एक दवाखान्यातल्या सिस्टरचा, एक संस्थेचा, एक समितीचा, म्हंजी माजाच. मानशी एक चिंचोका, ज्येचं काम उपेगी पडलं त्येच्या गोलात टाकायचा. सिस्टरच्यात ह्यो ढीग, संस्थेच्यात पसाभर, आन माज्यात… नुसती जिमीन. मंगलनं माज्याकडं बघत बघत सिस्टरच्या गोलात टाकला! माजी पाळी आली, म्हनलं आपला आपल्यालाच, पर बीपीच्या गोळ्या सिस्टर घरी आनून देती त्ये आठावलं आन हात गेला की तिकडंच.

आन मोजायला बसवलं कुनाला? रहिमतबीला! समितीच्या गोलात निघाला एक. एकच, पर छाती फुगली माजी. म्हनलं, गावात कुनीतरी वळखतंय आपल्याला. कुनाचा म्हनून येकेकाला इचारत सुटलो.

शेवटाला रहिमतबीच वरमून म्हनली, "नाथाजीभाऊ, गोल रिकामा बरा दिसंना, म्हनून मीच टाकला."

आता जळू कुनावर? समितीत तेवढं एक काम हुतं मला, त्ये बी ग्येलं.