बिजागरीचं एकच पातं

...नाही हो, चूक माझी नाही, त्या डबीची! तुम्हाला सांगतो, माझा बिजागऱ्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, पत्र्यातून पाती कापणारा एक प्रेस, तोही माझ्या सासऱ्यांइतका जुना आणि तितकाच कुरकुरणारा. कपाटवाला म्हणाला, नवा प्रेस घ्या, वर्षभराचं काम देतो. गेलो बँकेत कर्ज मागायला. तिथे बोलायला माणूसच नाही! मेव्हणा म्हणाला, "दाजी, आता कागद नाही बघत, मशीन बघतात." आणि बँकेने प्रेसला एक डबी चिकटवली. मशीन चाललं की बँकेला कळवणार, थांबलं की चुगली करणार.

दुसऱ्याच दिवशी बँकेच्या यंत्रातल्या बाईंचा फोन. मधाळ आवाज... "सर, तुमचं मशीन सकाळी बंद होतं, तुमचे कर्जाचे गुण कमी झालेत." अहो बाई, साचा बदलत होतो! बिजागरीला दोन पाती, दोन्हींचे साचे वेगळे, बदलताना प्रेस थांबवावाच लागतो, चालत्या प्रेसमध्ये हात घालू का? पण हे त्या डबीला कोण समजावणार?

मेव्हण्याने शक्कल काढली, साचा बदलूच नका. मलाही नव्या प्रेसचा मोह! आठवडाभर धडाधड धडाधड... गुण वाढले, बाई म्हणाल्या, "सर, परवा कर्ज मंजूर." आणि गोदामात? छतापर्यंत डावी पाती, उजवं औषधालासुद्धा नाही! कपाटवाला आला, एक पातं हातात घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "शेठ, दार कशाला लावू, हवेला?" मेल्याहून मेल्यासारखं झालं हो. आजवर माझ्या मालाला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

मेव्हणा म्हणतो, दाजी, मंजुरीपर्यंत कळ काढा. आणि तोवर कपाटवाल्याची कपाटं काय उघडीबोडकी उभी ठेवू? टाळकंच सरकलं माझं. प्रेस बंद केला. त्या डबीसमोर! साचा काढला, सावकाश पुसला, दुसरा बसवला, मध्ये चहासुद्धा प्यायलो. म्हटलं, कळव, कुणाला कळवायचं ते कळव! मी बिजागऱ्या विकतो, खडखडाट नाही विकत!

माल वेळेत गेला. कर्जही गेलं. "सर, तुमचं उत्पादन थांबलेलं दिसतंय." अहो, त्याच दिवशी तर खरं सुरू झालं... पण हे त्या डबीला कोण समजावणार? नवा प्रेस नाही, म्हणून वर्षाचं कामही नाही. आणि संध्याकाळी त्याच बँकेचा मेसेज, 'सध्या आपण मोकळे दिसता. सहलीसाठी झटपट कर्ज, आत्ताच मंजूर.' जुन्या प्रेसला तेल घालता घालता बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "घेऊन टाका. प्रेस नाही तर नाही, निदान फिरून तरी येऊ."