भुजंगरावांचं नाव घेते

—न्हाई न्हाई, आता बोलायचं बंद. लेप वाळेस्तोवर तोंड हललं की तडकतो, आन् तडकला की उद्या स्टेजवर तुझ्या गालावर भेगा दिसतील. तू आपली पडून राहा कावेरी, मी बोलते. काय म्हणत होतीस — उखाणा पाठ केलाय, म्हणून दाखवू का, हेच ना? दाखव की. केदारखेड्याहून इतक्या लांब आलीस, तुझा उखाणा ऐकल्याबिगर सोडते का मी? पण तोंड धुतल्यावर. आधी माझं ऐक, कारण हे तुला तुझी आई सांगणार न्हाई, मावशी सांगणार न्हाई — उखाणा म्हंजी काय रस्त्यावर पडलेली वस्तू न्हाई. काही उखाण्यांना मालक असतो. मालकीण असती. हसू नको! तडकंल म्हणलं ना.

आन् सारखी घड्याळाकडं काहून बघून राह्यलीस? वेळ मी बघते. जल्दी कराल तर रंग उजळणार न्हाई. घड्याळ चांगलंय की न्हाई पण? ह्यांनी आणलं, पुण्याहून. आमचे हे बियाण्याचं दुकान चालवतात ना मोंढ्यात, तर कंपनीची मिटिंग होती डीलर लोकांची, तिथं भेटलं म्हणले. दोन मोर, चोचीला चोच लावलेली, मधी काटे. मी म्हणलं, बियाण्याच्या कंपनीला मोर कशाला लागतो? मोर तर पेरलेलं उकरून खातो. हे म्हणले, तुला काय कळतं, सरकीचं पोतं छापतील का घड्याळावर? बराबर आहे म्हणा. लावलं मंग इथं पार्लरात, समोरच. नवऱ्या मुलींना बरं वाटतं.

तर काय सांगत होते — उखाणे. आता असं बघ, भोकरदनला मी पार्लर टाकलं तव्हा इथं येणारी प्रत्येक नवरी मेकअप झाला की एकच विचारायची, बेबीनंदाताई, एखादा उखाणा सांगा ना. तेच चांदीचं ताट, तेच महादेवाची पिंड, मला तर वीट आल्ता. मंग मी माझे करायला लागले. आपल्याकडचे. आता हा बघ — एमआयडीसीत भट्टी तापते, लोखंड होतं लाल, भुजंगराव रुसले की फुगवून बसतात गाल! आहे का कुठल्या पुस्तकात? किंवा हा — लाइट गेली, पंखा थांबला, जीव झाला घामाघूम, भुजंगराव पुठ्ठा हलवतात, गार झाली रूम! आगं ह्याला तर बाया टाळ्या वाजवायच्या. लोडशेडिंगचा उखाणा म्हणून पार सिल्लोडपर्यंत गेल्ता. कुणी केला? मी केला. ह्या हातानं लेप लावता लावता केला.

मंग आपले बदरोद्दीनभाई — तहसीलपाशी नेट कॅफे आहे बघ त्यांचं, घरी उर्दू बोलतात पण मराठी अर्ज टाइप करावा तर त्यांनीच — ते म्हणले, भाभी, साइट पे डालते ना, पूरी दुनिया पढेगी. मी म्हणलं दुनिया पढेगी ते ठीक, पण कुणी उचलून नेलं तर? म्हणले, मैं बंदोबस्त करता. केला बी त्यांनी. उंदराचं उजवं बटण दाबलं की पाटी यायची, 'नक्कल करू नये'. आन् सगळ्यात खाली गोलातला सी. माहीत आहे का तुला गोलातला सी? म्हंजी हे माझं आहे, हात लावायचा न्हाई. मी तर म्हणलं एक कशाला, प्रत्येक उखाण्याला टाका. मंगळसूत्रासारखा एकच पुरे म्हणले. आन् तिसरा बंदोबस्त माझा स्वतःचा. पुस्तकातल्या उखाण्यात नावाच्या जागी टिंबं असतात की न्हाई — टिंब टिंब राव? मी म्हणलं टिंबं बिलकुल न्हाई. रिकामी जागा ठेवली की कुणी बी येऊन बसतं, एसटीतल्या सीटवानी. रुमाल टाकायचा! मंग टाकला रुमाल, ह्यांच्या नावाचा. सगळ्या उखाण्यांत भुजंगराव. चोरलं तर चोराच्या घरात बी आमचेच हे निघतील, असा हिशेब.

आन् निघाले की गं! कसे निघाले ते ऐक. जालन्याला लग्न होतं, सोयऱ्यातलंच, नवरी माझ्याकडनंच सजलेली. हारबीर झाले, बाया म्हणल्या नाव घे नाव घे. पोरीनं माइक हातात घेतला, डोळे मिटले, आन् शाळेत कविता म्हणावी तसं एका दमात — लाइट गेली, पंखा थांबला, जीव झाला घामाघूम, भुजंगराव पुठ्ठा हलवतात, गार झाली रूम! आन् नवरदेवाचं नाव सर्जेराव! सनईवाल्यानं तोंडातली सनई काढली. नवरदेवाचा चुलता उठला, टोपी सारखी केली आन् म्हणतो, कोण हाय हा भुजंगराव? आन् आमचे हे — काय सांगू तुला, पंगतीत बसले होते, हातात बुंदीचा लाडू — हे उभे राह्यले! मीच म्हणले, मीच तो! आता बोल. त्या पोरीला समजावता समजावता सगळ्यांच्या नाकीनऊ आले. नेटवरनं पाठ केला म्हणली, नाव बदलायचं ध्यानातच राह्यलं न्हाई. आन् हे घरी येताना फटफटीवर गाणं म्हणत होते. मी म्हणलं लाज न्हाई वाटत, लोकाच्या बायकोनं तुमचं नाव घेतलं. तर म्हणतात, घेऊ दे की, आख्ख्या महाराष्ट्रात घेत असतील. छाती ही एवढी.

पण मी पोरीला विचारलं ना, कोणती साइट? माझी न्हाई गं! पुण्याची निघाली, लग्नाची मोठी साइट. दुसऱ्या दिवशी बदरोद्दीनभाईकडं जाऊन बसले. उघडलं तर काय — माझे सगळे उखाणे, जसेच्या तसे, वर मथळा 'आमचे खास उखाणे'. आमचे! माझं नाव कुठं? न्हाई. गोलातला सी कुठं? आहे, पण त्यांच्या नावापुढं. आन् भुजंगराव? बसलेत सगळीकडं ऐटीत. म्हंजी माझं तेवढं पुसलं, ह्यांचं तेवढं ठेवलं. साइट दिसायला कशी आहे ते मला इचारू नको, फोनची लाइन इतकी हळू की बदरोद्दीनभाई चित्रं बंदच करून ठेवतात, नुसती अक्षरं दिसतात. अक्षरं माझी होती, मला तेवढंच बास होतं. मला रडू आलं तिथं. खरंच आलं. भाईंनी पंखा माझ्याकडं फिरवला आन् दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणले, बाद में आओ.

गावातल्या बायांना सांगितलं तर द्वारकाबाई काय म्हणाव्या? आगं उखाण्यावर कसला आलाय हक्क, वाऱ्यावरचं ते. मी म्हणलं, तुमच्या मळ्यातली मोसंबी बी वाऱ्यावरच लटकलेली असती, तोडू का? मंग गेले वकिलाकडं. अण्णासाहेब वकील, माणूस चांगला, सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला. म्हणले, ताई, नोटीस पाठवू, बराबर कायदा आहे, पण उखाणे तुमचेच ही खूण काय? मी लगेच म्हणलं, खूण आहे ना! प्रत्येकात ह्यांचं नाव आहे. वकील साहेबांनी चष्मा काढला. म्हणतात, तुमचं नाव कुठं आहे? आता उखाण्यात बाईचं नाव कुठं असतं गं? कधी ऐकलंस? उखाणा बाईनं करायचा, बाईनं म्हणायचा, आन् नाव त्याचं. हा विचार मी जन्मात केला न्हाई, तिथं खुर्चीवर बसून केला. वकील म्हणले, मंग असं करू, भुजंगरावांची सही घेऊ, त्यांनी लिहून द्यायचं की हे उखाणे माझ्या बायकोनं केले आन् हा भुजंगराव मीच. एवढ्यावर भागतं.

आता एवढ्यावर भागतं तर करावी की न्हाई सही? घड्याळाकडं बघू नको गं, झालंच आता. तर सही. मांडवात शंभर माणसांत उभं राहून मीच तो म्हणणारा माणूस, कागदावर मीच तो म्हणायला तयार न्हाई. एक दिवस म्हणे, आज अमावस्या आहे. आज मोंढ्यात गाडी येणार. आज पेनच चालंना. म्हणतात, जाऊ दे ना, एवढ्या मोठ्या लोकांशी काहून भांडती, वाचू दे जगाला. जग वाचतं ते तुमचं नाव, माझं कुठं? तर म्हणतात, माझं काय आन् तुझं काय, एकच. हे बघ, एकच असतं ना तर चुलीपाशी बी एकच असतं. पण आज येतो म्हणलेत. आज सही करतोच म्हणले, दुकान बंद करून. कागद हा काय, पावडरच्या डब्याखाली ठेवलाय.

आन् तुला एक गंमत सांगू? कुणाला बोलू नको. ते पुठ्ठ्याचं — ह्यांनी आजवर पुठ्ठा हातात धरलेला न्हाई. लाइट गेली की हे गच्चीवर जातात, मी खाली घामाघूम. रुसून गाल फुगवणं बी न्हाई, हे रुसत न्हाईत, हे नुसते बोलत न्हाईत. दोन दोन दिवस. सगळे भुजंगराव मी बनवलेत, समजलं का? पुठ्ठा हलवणारे, मोसंबी सोलून देणारे, बाजारातनं गजरा आणणारे. ते माझे ओरिजनल. साइटवरचे. घरात आहेत त्यांच्याकडनं मी फक्त नाव घेतलंय. म्हणून तर जीव जळतो. लोकं म्हणतील चार ओळींचं काय एवढं — आगं मी आख्खा नवरा बनवला, आन् तो नेला उचलून!

जाऊ दे. तू रडू नको उद्याच्याला. तुझा मच्छिंद्र चांगला मुलगा आहे, मी बघितलाय, बोलतो तरी. थांब, कापूस भिजवते... हां. कपाळावरचा वाळला. आता सांग हळूच, ओठांनीच, कोणता पाठ केलास? माझा असला तरी रागवणार न्हाई. सांग की.

काय? पुन्हा म्हण.

भाकर ठेवली झाकून, कालवण झालं गार... हां, पुढं... मच्छिंद्रराव येतील म्हणून उघडं ठेवलं दार.

कुठनं घेतलास हा? त्याच साइटवरनं? पुण्याच्या? तुझ्या भावानं औरंगाबादहून कागदावर छापून आणला? आन् तिथं मच्छिंद्ररावांच्या जागी — हां. भुजंगरावच. तू बदललंस. शहाणी आहेस.

न्हाई, काही न्हाई. चांगलाच आहे. फक्त हा मी साइटवर टाकलेला न्हाई. बदरोद्दीनभाईंना सांगितलेला न्हाई. कुठल्याच नवरीला न्हाई. लग्नात म्हणायसारखा आहे का हा? हा मी एकदाच म्हणलाय, आमच्या घरात, ताट वाढताना, गेल्या अक्षयतृतीयेला. पुरणाचा घास मोडायला सकाळपासनं वाट बघत बसल्ते आन् हे दिवस मावळल्यावर आले, तव्हा तोंडातनं निघून गेला. ह्यांनी वर बघितलं न्हाई. टीव्हीचा आवाज मोठा केला, क्रिकेट होतं. मला वाटलं ऐकलंच न्हाई.

काय म्हणतीस? मोर? कुठले मोर?

त्या साइटवर? वरच्या बाजूला? हेच दोन, चोचीला चोच?

म्हणून मघापासनं घड्याळाकडं बघत होतीस व्हय. मला वाटलं तुला घाई आहे.

घड्याळ बियाण्याच्या मिटिंगीत भेटलं म्हणले. आन् मी खिळा ठोकला. माझ्या हातानं, स्टुलावर चढून. ह्यांनीच माझे उखाणे नेऊन दिले असतील पुण्याला, म्हणले असतील हा भुजंगराव मीच, सगळे छापा पण नाव तेवढं राहू द्या. आन् सगळे देऊन झाल्यावर आठवला असंल हा. आठवला म्हंजी — म्हंजी ऐकलं होतं त्यांनी. टीव्हीच्या आवाजात. शब्द न् शब्द. पाठ केला होता.

बाकीचे मी बनवलेले होते गं. हा खरा होता.

ऐक, फटफटी वाजली. आले सहीला. ऊठ, मोरीवर जा, तोंड धू, लेप सगळा तडकलाय — तडकू दे. आन् कावेरी, उद्या कोणता बी घे. पुठ्ठ्याचा घे, गालाचा घे, सगळ्या मैत्रिणींना वाट, मी काही म्हणणार न्हाई. हा घेऊ नको. हा माझा आहे. जा आता. मागच्या दारानं जा.