लिंबाला थांबलेली गाडी

मरोळच्या दवाखान्यात नंबर यायला वेळ होता, म्हणून संघमित्रानं शेजारच्या मायलेकांच्या बोलण्याला कान लावला. लेक कंबर धरून बसला होता.

“केतन, ती इलेक्ट्रिक गाडी आजच परत कर. पिकअप म्हणे. आडवं पाडलेलं लोखंडी कपाट दिसतंय.”

“पाच वर्षांनी सगळे अशीच कपाटं चालवतील, आई. मंडपाचे बांबू झकास मावतात त्यात.”

“आणि बिघडली तर? आपला गॅरेजवाला चारही बाजूंनी फिरला, त्याला एक स्क्रू सापडला नाही.”

“कंपनी बसल्या जागेवरून दुरुस्त करते, मोबाइलसारखी.”

“मग सकाळी पूजेला का नाही केली? चाकांखाली लिंबं ठेवली, तर जागची हलेना.”

“सेन्सर आहे ना तिला. वाटलं, समोर कोणीतरी आहे.”

“म्हणून तू ढकलत बसलास.”

“मुहूर्त टळत होता. उद्या बोरिवलीच्या लग्नाला मंडप न्यायचाय गं, ठेवू दे ना.”

आईनं त्याच्या कंबरेमागे आपली पिशवी सरकवली.

“तुझ्या बाबांना टेम्पो चालवताना समोरचा माणूस दिसायचा नाही. हिला लिंबू दिसतं. ठेव.”

“आणि लिंबं?”

“अख्खी आहेत. घरी जाऊन सरबत करू.”