हनुवटी जरा खाली

—नाही, तिथे नाही. त्या खुर्चीत बसायचं नाही. गिऱ्हाईकाच्या स्टुलावर बसा, तुमच्या पँटला काही होत नाही, सकाळीच पुसलंय. ती खुर्ची दादाची आहे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ — मागच्या वेळी तुम्ही कॅमेरा ठेवायला आलात तेव्हा कोपऱ्यात काळा चष्मा लावून बसला होता ना, तोच. तुम्ही त्याला हात जोडलेत, त्याने काही हूं की चूं केलं नाही, आणि तुम्हाला राग आला. आला होता, नाही म्हणू नका, जन्मभर लोकांची तोंडं बघूनच पोट भरलंय मी. अहो, त्याला दिसत नाही. जोडलेले हात त्याला कुठून दिसणार? तोंडाने बोलायचं होतं. जाऊ द्या. तो नाहीये आता. मेला नाही हो! लेकीकडे गेलाय. तुमचं आपलं लगेच तोंड पडलं.

तर कॅमेरा. आठ दिवस वापरून बघा म्हणालात, बघितला. ती छापील यादी खिशात ठेवा, मला वाचून दाखवू नका, मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. मी सांगतो, तुम्ही ऐका. चांगलं आधी सांगतो, म्हणजे तुम्हाला चहा गोड लागेल. डोळा पकडतो. हे शंभर टक्के खरं. माणसाने मान फिरवली तरी पकडतो, चष्म्याआडून पकडतो, परवा एक तान्हं पोर आईच्या मांडीवर मासळीसारखं वळवळत होतं, त्याचाही पकडला. मला डोळा पकडायला शिकायला अर्धं आयुष्य लागलं आणि हा पठ्ठ्या बटण अर्धं दाबलं की चौकट टाकून मोकळा. अंधारातलं दिसतं. मला दिसत नाही ते त्याला दिसतं, आणि पाठीमागची काच गर्रकन फिरवली की गिऱ्हाईक आपलं आपणच बघतं, भांग नीट करतं, कॉलर बसवतं, मान सरळ करतं — मला एक शब्द बोलावा लागत नाही. बोट दाबून धरलं की सटासट फोटो, त्यातला एक तरी बरा निघतोच. हे सगळं चांगलं. चांगलंच म्हणायचं, नाही का? मीही म्हटलं.

आता वाईट. बॅटरी. दुपारच्या जेवणापर्यंत मान टाकते. माझ्या जुन्याला एकदा खायला घातलं की आठवडा बघायला नको. डोळा लावला की आत आरसा नाही, टीव्ही. माणूस हातभर अंतरावर बसलाय आणि मी त्याला टीव्हीवर बघतोय! मेनू म्हणजे भुलभुलैया — तारीख बदलायला आत शिरलो आणि बाहेर आलो तर सगळी माणसं निळी. कातडी इतकी स्वच्छ दाखवतो की एक बाई रडायलाच लागल्या, म्हणाल्या मी अशी दिसते? म्हटलं बाई, तुम्ही दिसत नाही अशा, हा दाखवतो. आणि ट्यूबलाइटखाली पट्टे येतात. माणसाच्या तोंडावर पट्टे! हे बोलला नव्हतात तुम्ही. पंख्याचा एक काढून बघितला तर पाती वाकडी, केळ्यासारखी — हसताय काय, दाखवू? पहिल्या दिवशीचा आहे तो. नंतर पंखा बंदच होता. सगळे दिवस बंद. का ते... ते तुमच्या कामाचं नाही.

नाही, तुम्ही विचारलं नाहीत, पण मान वाकडी केलीत. पंखा दादा बंद करायला लावायचा. मी लावला की म्हणायचा, बंद कर रे, कुठे उकडतंय. आणि शर्ट पाठीला चिकटलेला. मला वाटलं, म्हातारपणाचं थंड रक्त. वर चहा. समोरचा चहावाला चारच्या सुमाराला दोन पेले ठेवून जातो, वर्षानुवर्षं ठेवतोय. तिसऱ्या दिवशी दादा म्हणाला, एकच सांगत जा, दोघांत घेऊ. मी म्हटलं, पित्त झालंय का? म्हणाला, हो, पित्त. पित्त कसलं डोंबलाचं! दगड पचवेल असा माणूस. आणि मी — माझं लक्ष कुठे? तुमच्या त्या निळ्या माणसांत.

थांबा, तुम्हाला आधीचं माहीत नाही. आम्ही दोघांनी हे दुकान काढलं तेव्हा मी कॅमेऱ्यामागे आणि दादा डार्करूममध्ये. आत तो काय करायचा ते मी कधी बघितलं नाही, मला त्या वासाने मळमळायचं. मी रोल आत द्यायचा आणि आतून शिव्या बाहेर यायच्या — गाढवा, हात हलला. बैला, डोळे मिटलेत हिचे. पण बाहेर येऊन गिऱ्हाईकाच्या हातात पाकीट देताना असा गोड — छान आलाय हो फोटो! फोटो मेलेला असला तरी, छान आलाय हो. मला? मला उभ्या जन्मात एकदा छान म्हणाला नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, परक्याला छान म्हणायला काय जातं, तू घरचा आहेस.

मग डार्करूम गेली. तुमच्यासारखेच कोणीतरी आले आणि गेली. पाठोपाठ त्याचे डोळे गेले. लोकांना वाटलं खचेल. कसला खचतोय! म्हणाला, मला काय फरक पडतो, अर्धा जन्म अंधारातच काढलाय. खुर्ची आणून त्या कोपऱ्यात ठेवली आणि रोज सकाळी माझ्यासोबत दुकानात. मी म्हणायचो, हनुवटी जरा खाली — आणि खट. की लगेच कोपऱ्यातून, घाई केलीस गाढवा, अजून श्वास सोडला नव्हता त्याने. पुढे गिऱ्हाईक बसलेलं, आणि हा मला गाढव म्हणतोय! दुकान बंद करताना सांगायचा, आज बरे झाले. किंवा, आज दुकान नरम होतं. त्या खटवरून. दिवसभराचं दुकान त्याच्या कानात. तेच त्याचं काम, दुसरं काय होतं त्याला?

काय बघताय? आलं ना लक्षात? तुम्हाला आलं लगेच. मला आलं नाही.

तुम्ही कॅमेरा दाखवलात तो रस्त्यावर. मीच तुम्हाला बाहेर नेलं, कारण नवा कॅमेरा म्हटलं की आत तमाशा झाला असता — आपल्याला कशाला, नाकापेक्षा मोती जड, वगैरे. मी कार्यक्रमांचे फोटो काढतो त्या सभागृहाच्या व्यवस्थापक बाईंनी सांगितलं होतं, गाण्याच्या बैठकीत खटखट चालणार नाही, आवाज न करणारा आणा नाहीतर दुसरा फोटोवाला बघते. तुम्ही माझ्या कानाशी धरून दाबलात आणि म्हणालात, बघा, मुका! मला बरं वाटलं. सभागृहासाठी तर वाटलंच, पण... आठ दिवस शिव्यांतून सुटका, असं वाटलं. आता तुमच्यापासून काय लपवायचं. गाढव म्हणून घेऊन कंटाळा येतो हो माणसाला. म्हातारा झालो तरी गाढवच. म्हटलं, त्याला कळूच द्यायचं नाही, आठवडाभर शांत काम करू. जुना कपाटात ठेवला.

आणि काम चांगलं झालं! ऐन परीक्षांचे दिवस, अर्जांना लावायच्या फोटोंना रांग. पण तो कोपऱ्यात काय ऐकतोय? दार उघडतं, माणूस येतो, स्टूल करकरतं, जरा वेळ शांतता, माणूस उठून जातो. खट नाही. हनुवटी खाली नाही — ती काच गिऱ्हाईकाला सगळं दाखवते, मी कशाला बोलतोय? लोक येतात, बसतात, फोटो न काढता जातात. असं ऐकलं त्याने. एक दिवस, दोन दिवस, रोज. पैसे? अहो, आता सगळे फोनवरून देतात, गल्ल्याचाही आवाज नाही. विचारलं नाही त्याने. थोरला ना! धाकट्याचं दुकान बसलं तर धाकट्याला विचारायचं कसं? पंखा बंद केला. चहा अर्धा केला. रात्री पोळी एक कमी. मग लेकीला फोन करून बोलावलं आणि कपडे पिशवीत भरले. म्हणाला, जरा बदल. मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, जा, जा, तेवढंच माझं डोकं शांत.

पुतणीचा फोन आला परवा. काका, दुकान कधी बंद करताय? बाबा म्हणाले, काकाचं सगळं बसलं, त्यात माझं एक ओझं कशाला.

घ्या, पाणी घ्या. मीच घेतो.

सांगितलं ना! तुम्हाला काय वाटतं, सांगितलं नसेल? तिथल्या तिथे दादाला फोनवर बोलावलं, म्हटलं अरे बाबा, रांग लागली होती, कॅमेरा नवा आहे, त्याला आवाजच नाही. तर हसला. म्हणाला, कॅमेरा कधी मुका असतो का? समजूत काढू नकोस, मी काही रडत नाहीये. मग मी कपाटातून जुना काढला, फोन शेजारी ठेवला आणि त्याला म्हटलं, ऐक, आत्ता गिऱ्हाईक बसलंय — आणि खट, खट, दोनदा दाबलं. मग म्हणाला, रिकाम्या स्टुलाचा काढतोयस. कसं कळलं? म्हणाला, माणूस असता तर आधी हनुवटी खाली म्हणाला असतास.

विसरलो हो. आठ दिवसांत सवय गेली.

काय? काय म्हणालात? परत बोला. आवाज आहे? यात? याच्यातच? ...मग मुका मुका काय सांगत होतात! मेनूत कुठे? दाखवा. हे काढून इकडे... आणि ती खरी आतली झडपच पडते म्हणता, रेकॉर्ड केलेला आवाज नाही? बरं. दाबा. — हं. परत दाबा.

असाच होता की. थोडा बारीक आहे आवाज, पण आहे. एवढ्या एका बटणाची गोष्ट होती? तुम्ही सांगितलं असतंत तर... तुम्हाला तरी काय माहीत. तुमचं काम मुका दाखवायचं.

उठू नका! बसा. तिथेच बसा स्टुलावर, दिवे लावतो. मला माहीत आहे तुम्हाला अजून दोन दुकानं करायची आहेत, ती काही पळून जात नाहीत. मी फोन लावतो, तुम्ही गिऱ्हाईक. बोलायचं नाही, तुमचा आवाज विकणाऱ्याचा आहे, लगेच ओळखेल. फक्त असा मोठा श्वास घ्या, ऐकू येईल असा, आणि धरून ठेवा. मी मुद्दाम लवकर दाबणार. श्वास सोडायच्या आधी. समजलं का? ते त्याच्या कानातून सुटायचं नाही. मग बघा कसा फटाका फुटतो — गाढवापासून सुरू होईल, तुम्हीही ऐका, लाजू नका. एक शिवी आली की झालं. मग मी जातो आणि पिशवीसकट उचलून आणतो त्याला.

हॅलो? हां पोरी, मीच. बाबांना दे. हो, जागे असले तर... दादा? जेवलास का? ...जेव की मग. बरं, फोन ठेवू नकोस, जरा धरून ठेव, गिऱ्हाईक आलंय. हो, नव्या कॅमेऱ्याने काढतोय. अरे तोच, सांगितला होता तो. धर.

हं, साहेब. सरळ बसा. खांदे सैल सोडा. इकडे, माझ्या हाताकडे बघा. हनुवटी जरा खाली. जरा... अजून जरा — बास.

झाला. दादा, ऐकलंस? ...ऐकलंस ना?

...

हो. हो, नवाच आहे. ...हं. ...नाही, काही नाही, सहजच लावला होता. जेवून घे वेळेवर. ठेव तू. ठेव.

सोडा आता श्वास. झालं.

छान आला असेल हो, म्हणाला.

काही नाही. दिवा लागतोय डोळ्याला. उठा तुम्ही, तुमची दुकानं राहिलीत ना. ...घेतो म्हटलं ना, घेतो, सभागृहवाल्या बाई थांबल्यात, ठेवून जा. नाही, तो मेनू मला शिकवायला नको. आणि तो आवाज — तुम्हीच चालू केलात ना, तुम्हीच बंद करून जा.